हेवी मेटलला जात नसते म्हणता? मग बुद्ध दशावतारात कसा बसला?

आमच्या वस्तीतल्या पोराने गिटार हातात घेतली की त्याला दोन्हीकडून ऐकावे लागते. शहरातल्या रॉकवाल्या मंडळींना तो परका वाटतो. त्याचे इंग्रजी, त्याचे बूट, त्याचे आडनाव आणि राहण्याचा पत्ता आधी तपासला जातो, मग त्याला अ‍ॅम्प्लिफायरला वायर लावू दिली जाते. आपल्या मंडळींना मात्र तो बिघडलेला वाटतो. भीमगीते सोडून हा गोऱ्यांचा धिंगाणा कशाला, असा सवाल होतो. पहिल्यांचे म्हणणे असे की संगीताला जात नसते. दुसऱ्यांचे म्हणणे असे की हे संगीत आपले नाही. ही दोन्ही विधाने आम्हाला मान्य नाहीत, आणि का मान्य नाहीत हे एकदा मुद्देसूद मांडणे गरजेचे झाले आहे.

निमित्त साधेच आहे. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अभ्यासवर्गाला येणारा एक तरुण वाळूजला कंत्राटी कामगार आहे. शिफ्ट संपली की गिटार वाजवतो. भीमजयंतीच्या स्टेजवर त्याने वीस मिनिटे मागितली. समितीने नाही म्हटले, कारण डीजेची सुपारी आधीच दिलेली होती. वर उपदेशही मिळाला की असले सैतानी संगीत बाबासाहेबांच्या फोटोसमोर शोभत नाही. आम्ही त्याला म्हटले, तुझा कान ज्या अल्बमांनी घडवला त्यांची यादी लिहून दे. त्याने वहीच्या पानावर सात नावे लिहून दिली. हा लेख त्या सात नावांवर आहे.

आवडीनिवडी आपोआप येत नाहीत. माणूस कोणत्या घरात जन्मला, कोणत्या शाळेत गेला, कुणात उठला-बसला यावर त्याची अभिरुची ठरते आणि तीच अभिरुची पुढे त्याची पायरी दाखवण्यासाठी वापरली जाते, हे पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात सविस्तर मांडले. आपल्याला त्यासाठी फ्रान्सला जाण्याचीही गरज नाही. बैठकीत मान डोलावणारा तो रसिक आणि हलगीवर नाचणारा तो गावंढळ, हा भेद या देशात कुणी केला हे आपण जाणतो. तेव्हा प्रश्न एवढाच की या पोराच्या यादीत नेमके आहे काय.

पहिले नाव आहे 'ब्लॅक सॅबथ', त्याच नावाच्या बँडचा १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेला अल्बम. हेवी मेटलची सुरुवात इथून धरतात. ही चार पोरे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातल्या अ‍ॅस्टन भागातली, कामगारांच्या घरातली. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात तोच. डॉक्टरांनी वाजवणे विसर म्हणून सांगितले. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या आणि पातळ तारा लावल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त गिटारचा सूर दीड पायरी खाली उतरवला. तारा सैल झाल्या, बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाज जड, खोल, काळाकुट्ट झाला. ज्याला जग 'हेवी' म्हणते त्या आवाजामागे एका कामगाराची तुटलेली बोटे आहेत.

वाळूज आणि चिकलठाण्याच्या प्रेस शॉपमध्ये बोटे गमावलेली माणसे आमच्या वस्त्यांना नवीन नाहीत. डाव्या हाताने सही करायला शिकलेला बाप आमच्या पोरांनी पाहिलेला आहे. मग आयोमीचे संगीत या पोराला परके कसे? उलट ज्याने आयुष्यात कारखान्याचा भोंगा ऐकला नाही त्याला ते परके वाटायला हवे होते.

शिवाय हे संगीत गोऱ्यांचे म्हणणे हे निव्वळ अज्ञान आहे. ब्लॅक सॅबथ सुरुवातीला ब्लूज वाजवणारा बँड होता. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचे, गुलामीतून सुटलेल्यांच्या मुला-नातवंडांचे संगीत. गिटारची तार बोटाने ओढून सूर रडवायचा ही त्यांची रीत. मेटलने तिला वीज जोडली आणि आवाज फाटेपर्यंत वाढवला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली? निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव कुठून घेतले हेही सर्वांना ठाऊक आहे. काळ्या अमेरिकेशी आपले नाते दीडशे वर्षांचे आहे. त्या नात्यात गिटार तेवढी अस्पृश्य का ठरावी?

दुसरे नाव जुडास प्रीस्टचे 'ब्रिटिश स्टील'. एप्रिल १९८०. त्याच वर्षी जानेवारीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनचे पोलाद कामगार देशव्यापी संपावर होते. हा बँडही त्याच बर्मिंगहॅम पट्ट्यातला. त्याचा गायक रॉब हॅल्फर्ड याने १९९८ साली आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. मर्दानगीचे प्रदर्शन म्हणून ज्या संगीताला नाके मुरडली जातात, त्या संगीताच्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावरून खाली उतरवले नाही. आपल्या किती व्यासपीठांवर हे घडले असते, याचे उत्तर ज्याने त्याने मनात द्यावे.

तिसरे आयर्न मेडनचे 'द नंबर ऑफ द बीस्ट', १९८२. त्यात 'रन टू द हिल्स' नावाचे गाणे आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची जमीन गोऱ्यांनी कशी बळकावली आणि त्यांची कत्तल कशी केली, हा त्याचा विषय. हाच बँड १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वाजवून गेला. तिथे त्या गाण्यावर उड्या मारणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या देशातल्या जमिनी कुणाच्या होत्या हा प्रश्न पडला असेल?

चौथे मेटॅलिकाचे 'मास्टर ऑफ पपेट्स', १९८६. त्याचे शीर्षकगीत नशेवर आहे. नशा हीच मालक होऊन माणसाला कठपुतळीसारखी नाचवते, अशी त्याची कल्पना. आमच्या शहरात नशेच्या गोळ्यांना पोरे 'बटन' म्हणतात. बटन खाऊन भिंतीला टेकून बसलेली पोरे उस्मानपुऱ्यापासून मुकुंदवाडीपर्यंत कुठल्याही गल्लीत दिसतील. आमचा हा तरुण म्हणतो की त्याच्या गल्लीतल्या चौघांपैकी तो एकटा बटनातून वाचला, कारण त्याच्या हातांना दुसरे काम होते. व्यसनमुक्तीवर आम्ही अनेक व्याख्याने दिली आहेत. या एका वाक्याइतके परिणामकारक त्यातले एकही नव्हते.

पाचवे लिव्हिंग कलरचे 'विविड', १९८८. न्यूयॉर्कच्या चार काळ्या वादकांचा बँड. गिटारवादक व्हर्नन रीड याने १९८५ साली सहकाऱ्यांसोबत 'ब्लॅक रॉक कोअलिशन' ही संघटना काढली. का काढावी लागली? कारण रॉक हे गोऱ्यांचे संगीत आहे, काळ्यांनी आपले नेहमीचे गावे-नाचावे, असे रेकॉर्ड कंपन्या आणि रेडिओवाले धरून चालले होते. ज्यांनी रॉक जन्माला घातला त्यांनाच रॉकच्या दारात उभे करून ओळखपत्र मागितले जात होते. मालकी हिरावून घ्यायची आणि मग मूळ मालकाला उपरा ठरवायचे, ही युक्ती आपल्याला चांगलीच परिचयाची आहे.

सहावे ब्राझीलच्या सेपल्तुराचे 'रूट्स', १९९६. हा बँड ब्राझीलमधल्या शावांते आदिवासींच्या गावात जाऊन राहिला, त्यांच्यासोबत वाजवले आणि ते ध्वनिमुद्रण अल्बममध्ये घेतले. आदिवासींच्या सुरावर शहरी बँडचे नाव मोठे होते, ही तक्रार तिथेही करता येईल. पण आपल्या देशात कारखान्यात ढाळलेल्या आवाजाशेजारी आदिवासींचा आवाज बरोबरीने ठेवण्याचे धाडस तरी त्यांनी दाखवले.

आता सातवे नाव. हे परदेशी नाही. मुंबईच्या डिमॉनिक रेझरेक्शन या बँडचा २०१७ चा 'दशावतार'. साहिल मखिजा यांनी २००० साली उभा केलेला हा बँड, भारतीय मेटलमधला सर्वांत नावाजलेल्या बँडपैकी एक. दहा गाणी, दहा अवतार. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण. नववा बुद्ध. दहावा कल्की.

बुद्ध नववा!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. राम-कृष्णाला देव मानणार नाही, ही दुसरी. देवाने अवतार घेतला यावर विश्वास ठेवणार नाही, ही चौथी. आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हा खोटा व खोडसाळ प्रचार आहे असे मानण्याची पाचवी. बाबासाहेबांनी त्यासाठी स्वतंत्र प्रतिज्ञा खर्ची घातली, कारण ब्राह्मणी धर्माने बौद्ध धम्माला जसे तलवारीने तसेच मिठी मारूनही संपवले, हे त्यांनी ओळखले होते. शत्रूला हरवता आले नाही की त्याला आपल्या देवघरात नवव्या नंबरवर बसवायचे. साठ वर्षांनंतर तेच देवघर दुहेरी बास ड्रमच्या ठोक्यांवर पुन्हा उभे राहिले, आणि ते उभे करणाऱ्यांना यात काही वावगे वाटले नसावे. त्या नवव्या गाण्याचे शब्द काहीही असोत. त्याला दिलेली जागाच पुरेशी बोलते.

इथे 'संगीताला जात नसते' म्हणणाऱ्यांना आमचा थेट प्रश्न आहे. जात नसलेल्या कानाला दशावतार ही निव्वळ एक गोष्ट वाटते. वामनाने बळीच्या डोक्यावर पाय ठेवला, हा विजय कुणाचा आणि पराभव कुणाचा? दिवाळीत आमच्या आयाबाया ओवाळताना राज्य कुणाचे येवो म्हणतात, वामनाचे की बळीचे? परशुरामाच्या कुऱ्हाडीखाली कुणाच्या माना गेल्या? मेटलचा नियम असा की चिरडणाऱ्याच्या विरोधात ओरडायचे. मग या दहा गाण्यांत ओरडणारा गळा कुणाच्या बाजूने उभा आहे?

हे प्रश्न आम्ही आज काढलेले नाहीत. 'गुलामगिरी' उघडून पाहा. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादात फुले मत्स्यापासून सुरुवात करतात, कच्छ, वराह, नरसिंह, वामन करत परशुरामापर्यंत येतात आणि एकेका अवताराची साल काढतात. अवतार म्हणजे बाहेरून आलेल्या आक्रमकांचे पुढारी, आणि दैत्य म्हणजे इथला राजा व त्याची रयत, असा अर्थ ते लावतात. परशुराम चिरंजीव आहे म्हणता ना, मग त्याने सहा महिन्यांत हजर व्हावे, अशी चक्क नोटीस ते काढतात. त्या नोटिशीला आजतागायत उत्तर आलेले नाही. तेव्हा 'दशावतार' या अल्बमचे उत्तर अल्बमच्या एकशे चव्वेचाळीस वर्षे आधीच लिहून तयार आहे. फक्त त्याला अजून कुणी चाल लावलेली नाही.

यावर एक हरकत हमखास येईल. नॉर्वे-स्वीडनचे बँड ओडिन आणि थोर यांच्यावर गाणी करतात, मग आमच्याकडच्यांनी पुराणांवर का करू नयेत? उत्तर सोपे आहे. ओडिनच्या नावाने आज तिथे कुणाला पाणवठ्यावरून हाकलले जात नाही. थोरच्या मंदिराचा गाभारा कुणाला बंद नाही. ते देव मेले आहेत, म्हणून त्यांच्याशी खेळता येते. आपल्याकडचे देव जिवंत सत्ता आहेत. त्यांच्या नावाने मिरवणुका निघतात, मते मागितली जातात, माणसे मारली जातात. मेलेल्या सापाच्या कातडीचा पट्टा करणे वेगळे आणि जिवंत साप शेजाऱ्याच्या घरात सोडणे वेगळे.

दुसरी गोष्ट. युरोपातले मेटल चर्चवर तुटून पडले, कारण तिथे सत्ता चर्चची होती. आपल्याकडच्या पोरांनी उलटा क्रूस जसाच्या तसा टी-शर्टवर उचलला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या देशात ख्रिस्ती लोक २.३ टक्के आहेत आणि त्यातही मोठा हिस्सा दलित-आदिवासींचा. इथे उलटा क्रूस घालणे हे बंड नसून दुर्बळावर दात काढणे आहे. बंड कशाला म्हणतात हे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दिसले होते. मनुस्मृती छापलेला एक तरी टी-शर्ट, तोही ज्वाळेत, या मंडळींनी आजवर का काढला नाही?

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून स्पष्ट करतो. आम्ही 'दशावतार'वर बंदी मागत नाही. भावना दुखावल्या म्हणून मोर्चे काढणे हा आमचा मार्ग नव्हे. तो मार्ग कुणाचा आहे हे महाराष्ट्र रोज पाहतो. बँडच्या वादकांचे कौशल्य आम्ही नाकारत नाही. आमच्या तरुणाने त्यातले वादन नोटेनोट बसवले आहे आणि त्याने ते बसवावेच. तंत्र शिका, विचार तपासून घ्या, एवढेच आमचे सांगणे.

आता आपल्या माणसांशी दोन शब्द.

पहिला आक्षेप, हे धम्मात बसत नाही. नाच-गाणे-वाद्यापासून दूर राहण्याचे शील अष्टशीलात आहे, उपोसथ पाळणाऱ्यासाठी. गृहस्थाच्या पंचशीलात ते नाही. आणि असतेच तर ते डीजेला आधी लागू झाले असते. वीणेची तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये, हा दाखला भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला दिला. वाद्य हे त्यांना शिकवण्याचे साधन वाटले, पाप वाटले नाही.

दुसरा आक्षेप, हे वाद्य परदेशी आहे. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांचे व्हायोलिन पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात ठेवलेले आहे, जाऊन पाहावे. ज्यांनी सूट घातला, इंग्रजीत ग्रंथ लिहिले, त्यांच्या अनुयायांना परदेशी तारांचे वावडे कधीपासून झाले? उलट आपल्या मातीतल्या वाद्यांचा इतिहास आठवा. डफडे, हलगी, सनई ही वाद्ये आपल्या आज्यांनी हौसेने निवडली नव्हती. ती गावकीने गळ्यात बांधली होती. पाटलाच्या घरी लग्न असो की मयत, वाजवायला जावेच लागे, आणि मांडवाबाहेर बसावे लागे. म्हणून धर्मांतरानंतर कितीतरी घरांनी ती खाली ठेवली. आज कुणी हलगी पुन्हा स्वखुशीने उचलत असेल तर तिचाही आम्ही सन्मान करतो, कारण आता ती निवड आहे. गिटार मात्र गावकीच्या यादीत कधीच नव्हती. ती वाजवण्यासाठी आपल्याला कुणी वेशीवर बोलावले नाही, म्हणून ती पहिल्या दिवसापासून स्वतंत्र माणसाचे वाद्य आहे.

तिसरा आक्षेप, भीमगीतांचे काय? वामनदादा कर्डकांची जागा कुणी घ्यावी असे आम्ही म्हणतच नाही. पण वामनदादांनी काय केले ते पाहा. लोकांच्या कानात जे होते, लोकगीत, कव्वाली, सिनेमाची चाल, ते घेतले आणि त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला गण-गवळणीचा देव बाहेर काढला. कानात जे आहे ते घ्यायचे आणि विचार आपला भरायचा, ही आपली परंपरा आहे. आजच्या पोराच्या कानात मोबाइलमधून मेटल आहे. मग मेटल घ्या आणि त्यातला अवतार बाहेर काढा. मुंबईत कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज'ने बुद्ध-भीमाचा विचार रॉकवर गायला. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभे राहिले, त्यात गाना गाणारी वस्तीतली पोरे आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच स्टेजवर आली. म्हणजे हे होऊ शकते. प्रश्न मराठवाड्याचा आहे. नामांतरासाठी सोळा वर्षे लढलेल्या, पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांचे बलिदान पाहिलेल्या या भूमीतून या आवाजाचा अल्बम का येऊ नये?

डीजेबद्दलही एकदा बोलले पाहिजे. डीजेची भिंत भाड्याने येते, गाणी दुसऱ्याची, यंत्र दुसऱ्याचे, नफा दुसऱ्याचा. आपली पोरे फक्त पुढे नाचतात. वर्गणीचा मोठा वाटा एका रात्रीत त्या भिंतीत जातो आणि सकाळी वस्तीत काहीच उरत नाही. आवाजच हवा असेल तर तो आपल्या हाताने काढलेला असू द्या. शासन करणारी जमात बना म्हणणाऱ्या बापाच्या लेकरांनी भाड्याच्या आवाजावर समाधान का मानावे?

म्हणून शहरातल्या सर्व जयंती समित्यांना आमचे तीन प्रस्ताव आहेत. एक, पुढच्या जयंतीला डीजेच्या खर्चातून एक अ‍ॅम्प्लिफायर, एक ड्रम सेट आणि दोन गिटार घ्या. या वस्तू वर्षानुवर्षे टिकतील. दोन, विहारांच्या खोल्या वंदनेनंतर बंद असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या वाजवणाऱ्या मुला-मुलींसाठी उघडा, आणि मुलींची नावे आधी लिहा. तीन, जयंतीच्या स्टेजवर वीस मिनिटे वस्तीतल्या वादकांना द्या. ते चुकतील, बेसूर होतील, होऊ द्या. पहिल्या जलशातही कुणी चुकले असेलच.

आणि त्या तरुणाला, त्याच्यासारख्या सगळ्यांना सांगणे एवढेच. तुझ्या यादीतली सहा नावे जगभरच्या कामगारांची, काळ्यांची, आदिवासींची आणि बाजूला सारलेल्यांची आठवण ठेवतात. सातवे नाव तुझ्या बापाला मांडवाबाहेर बसवणाऱ्यांचे पुराण सांगते. आठव्या नावाची जागा वहीत रिकामी आहे. फुल्यांची नोटीस अजून लागू आहे. ती पुन्हा एकदा वाचून दाखव, सूर दीड पायरी खाली उतरवून, आवाज पूर्ण चढवून.

जयभीम!